एक तिकीट, पाच भुतं आणि वर हशा

हॅलोविनची रात्र आहे. गावभर पोरं भुताची सोंगं घेऊन फिरताहेत, त्यामुळे खऱ्याखुऱ्या व्हॅम्पायरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गडी आरामात रक्त पितो, मिरवतो आणि ऐन मजेत त्याला कळतं, की आज घड्याळं तासभर मागे करायची रात्र आहे. म्हणजे सूर्य त्याच्या हिशेबापेक्षा एक तास आधी उगवणार! पुढे जी धावपळ होते, ती बघताना भ्यावं की हसावं हे ठरवायला उसंतच मिळत नाही.

‘सेटॅनिक हिस्पॅनिक्स’ या २०२२च्या सिनेमातली ही एक गोष्ट. अशा पाच गोष्टी आणि पाच दिग्दर्शक, सगळे लॅटिन अमेरिकी मुळांचे. अर्जेंटिनाचा देमियन रुग्ना त्यात आहे, मेक्सिकोची जीजी सॉल गेरेरो आहे आणि ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने १९९९ मध्ये जगाची झोप उडवणाऱ्या जोडगोळीतला एदुआर्दो सांचेझही आहे. टेक्सासच्या एल पासो शहरात पोलिसांना एका घरात प्रेतांचा खच सापडतो, जिवंत उरलेला असतो एकच माणूस. चौकशी सुरू होते आणि तो पोलिसांना एकेक गोष्ट सांगत जातो. एका गोष्टीच्या पोटात अनेक गोष्टी.

ही रचना आपल्या ओळखीची आहे. हजार वर्षांपूर्वी ती गोदावरीच्या काठावर बसवून झालेली आहे.

विक्रमाचा वेताळ पैठणचा

विक्रम म्हटलं की बहुतेकांना उज्जैन आठवतं. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात प्रेत खांद्यावर वाहणाऱ्या राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी आहे गोदावरीतीरीचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजा रात्री स्मशानात जातो, झाडावरचं प्रेत उतरवतो, चालू लागतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी चाललो परत झाडावर. पंचवीस गोष्टी या एका अटीवर चालतात. जगातल्या कुठल्याही पटकथाकाराने हेवा करावा अशी ही अट आहे.

आणि भर स्मशानात सांगितलेल्या या गोष्टी किती विनोदी असाव्यात! तीन चोखंदळ भावांची गोष्ट घ्या. एकाला राजाच्या पंगतीतल्या भातात चितेच्या धुराचा वास येतो, तपास केला तर ते भात स्मशानाजवळच्या शेतातलं निघतं. दुसऱ्याला नटूनथटून आलेल्या सुंदरीच्या अंगाला शेळीचा वास येतो. ती लहानपणी शेळीच्या दुधावर वाढलेली निघते. तिसरा सात गाद्यांवर झोपतो आणि अर्ध्या रात्री कळवळून उठतो, कारण सातव्या गादीखाली एक केस असतो. पाठीवर त्या केसाचा लाल वळ! यांतला सगळ्यात नाजूक कोण, असं वेताळ विचारतो. प्रेताचं ओझं खांद्यावर, भोवती कोल्हेकुई, आणि राजा विचार करतोय गादीखालच्या केसाचा.

जाता जाता: १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांच्या ‘विक्रम और बेताल’मध्ये विक्रम झालेले अरुण गोविल दोनच वर्षांनी ‘रामायण’मध्ये राम झाले. आमच्या पिढीने त्यांच्या खांद्यावर आधी वेताळ पाहिला, धनुष्य नंतर.

एका फजितीतून निघालेला ग्रंथ

‘कथासरित्सागर’ ज्या मूळ ग्रंथावरून आला त्याची जन्मकथा तर मला सिनेमाहूनही भारी वाटते. पैठणचा सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. दमलेली राणी संस्कृतात म्हणाली, मला ‘मोदकैः’ मारा. तिला म्हणायचं होतं ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाने ताबडतोब मोदकांची ताटं मागवली! राणी हसली, दासी हसल्या, आणि राजा रुसून अंथरुणाला खिळला. आता संस्कृत शिकायचंच, असं त्याने ठरवलं.

दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरे. गुणाढ्याने पैज लावली, की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडेन. तो हरला. तीन भाषा गेल्या, मग उरली ती पिशाचांची भाषा, पैशाची. विंध्याच्या रानात काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने कथा ऐकल्या आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिल्या, सात लाख श्लोक. राजाने ते बाड नाकारलं. गुणाढ्य रानात अग्नी पेटवून एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. पशुपक्षी चरणं विसरून ऐकत बसले, वाळले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात मांस सुकं येऊ लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली आणि तेव्हा कुठे हा प्रकार उघड झाला. राजा धावत पोहोचला तोवर एक लाख श्लोक उरले होते.

भुताची भाषा, रक्ताची शाई, आणि सुरुवात मोदकांच्या फजितीतून. गुणाढ्याची ती मूळ ‘बृहत्कथा’ आज हाती नाही, पण ही दंतकथा आहे. भय आणि हसू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय आपल्याला मुळात नव्हतीच, हे तिच्यावरून कळतं.

घेऊन जा गे मारबत!

याचा जिवंत पुरावा माझ्या कामठीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दरवर्षी रस्त्यावर उतरतो. कामठी म्हणजे इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानच्या काठी वसवलेली आमची छावणी, पुढे तिचं गाव झालं. नागपूर शेजारी, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पावलं आपोआप इतवारीकडे वळतात. एकीकडे तान्हा पोळा: पोट्टे लाकडी नंदी सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. दुसरीकडे मारबत.

मारबत म्हणजे बांबू-कागदाची, भल्याथोरल्या आकाराची बाई. डोळे वटारलेले, अवतार उग्र. तिचं नातं लोक पूतना मावशीशी जोडतात. कृष्णाला विषारी दूध पाजायला आली, मेली आणि गोकुळवाल्यांनी तिला गावाबाहेर नेऊन जाळलं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळीमागे भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग आहे, असं नागपूर सांगतं. पिवळी मात्र रोगराईपासून राखणारी मानली जाते, तिच्यापुढे हात जोडले जातात. दोघींच्या मिरवणुका नेहरू पुतळ्यापाशी भेटतात, तेव्हा तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही. एक शिव्यांची धनीण, एक हात जोडण्याची, आणि शेवटी दोघी जळतात.

आता यातला हशा. मारबतींबरोबर बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुरुष पुतळा, आणि तो दरवर्षी नवा. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा, दहशतवादाचा, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचा. पुढाऱ्यांनाही सुटका नाही. गळ्यात पाट्या, पाट्यांवर अशी भाषा की वाचणारा रस्त्यातच खो-खो हसत सुटतो. आणि सगळ्या गर्दीचा एकच पुकारा: ईडा, पीडा, रोगराई, माशा-मुंगसा घेऊन जा गे मारबत! खेड्यापाड्यांत हे आणखी साधं आहे. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या, मेढे, ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हीच हाळी देत ते गावाबाहेर नेऊन टाकायचे.

नीट बघा, हा चालता-फिरता अँथॉलॉजी सिनेमाच आहे, अनेक गोष्टींचा मिळून एक. दोन राक्षसिणी ही चौकट, प्रत्येक बडग्या ही सुटी गोष्ट, शेवट अग्नीत. लेखक अनामिक, तिकीट नाही, आणि पटकथा दरवर्षी नवी. भीतीचं नाव घेऊन तिला चौकात हसायचं आणि मग जाळायचं, हे शहाणपण इथल्या विणकर, तेली, कारागीर मंडळींनी जपलं आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तिकडचा जुदास, इकडचा बडग्या

मेक्सिकोत ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, जुदासचे पुतळे जाळतात. कागदाच्या लगद्याचे, अंगाला फटाके बांधलेले. येशूला दगा देणाऱ्या जुदासचा चेहरा मात्र अनेकदा चालू राजकारण्याचा असतो! फटाके लागले की पुढाऱ्याच्या चिंध्या आणि गर्दीत टाळ्या. सातासमुद्रापलीकडे, कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही, तरी कल्पना तीच.

तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस पाळतात. त्या सुमारास ‘कालावेरा’ लिहायची पद्धत आहे. जिवंत मित्राचा, मास्तराचा, मंत्र्याचा मृत्युलेख रचायचा, यमबाई त्याला कशी घेऊन गेली याचं चेष्टेखोर काव्य. (मृत्यू तिकडे बाई आहे.) विसाव्या शतकाच्या आरंभी होसे ग्वादालुपे पोसादाने झोकदार टोपी घातलेल्या कवटीचं चित्र काढलं, तीच आज जगभर मिरवणारी ‘कात्रीना’. ती मुळात श्रीमंतीचा आव आणणाऱ्यांची टिंगल होती.

तिकडची सर्वांत प्रसिद्ध भुतीण ‘ला योरोना’. पोटची पोरं नदीत बुडवली म्हणून रात्री पाण्याकाठी रडत फिरते. १९३३ मध्ये तिच्यावर निघालेला सिनेमा मेक्सिकोचा पहिला बोलका भयपट मानतात. आणि १९७४ मध्ये तिच्याशी दोन हात करायला कोण उतरलं? एल सांतो, चंदेरी मुखवट्याचा कुस्तीगीर! त्याआधी १९६२ मध्ये त्याने व्हॅम्पायर बायकांची फौज लोळवली होती. भुताला मंत्राने नाही, आखाड्यात चितपट करायचं. पहिलवानांवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला हे अजून कसं सुचलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

भुतांची शिरगणती

महाराष्ट्राकडे माल कमी आहे म्हणून सुचलं नाही, असं म्हणायची सोय नाही. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला की मुंज्या, मुक्काम पिंपळावर. हडळ, जखीण, खवीस, समंध, झोटिंग, पाण्यातल्या अस्रा, वाट चुकवून रात्रभर त्याच शेताला फेऱ्या मारायला लावणारा चकवा, ओळखीच्या आवाजात दारातून हाक घालणारी हाकामारी. या सगळ्यांचा राजा वेताळ, त्याची अमावस्येला मशाली-पालखीसकट स्वारी. आणि आपली भुतं किती माणसाळलेली! नाकात बोलतात. रात्री बैलगाडी अडवून तंबाखू मागतात. गोव्याकडे आणि तळकोकणात गावाची शीव राखणाऱ्या देवचाराला तर रोट आणि विडीही पोचवतात.

ही नावं कागदावर कुणी आणली, तो किस्सा वेगळाच आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या समजुती गोळा करत असे. पोरांना पाढे शिकवणारे मास्तर भुतांच्या जाती, त्यांचे खाण्याचे पदार्थ, त्यांना उतरवायच्या युक्त्या लिहून धाडत होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. क्रांतीच्या इतिहासात हे सगळ्यांना माहीत. त्याच्यामागे राहिलेली ती भुतांची बाडं मात्र फार थोड्यांना माहीत. आर. ई. एन्थोव्हेनने ती संपादित केली आणि १९१५ मध्ये कोकणचा खंड छापून आला.

म्हणजे कोकणच्या भुतांना शंभर वर्षांपूर्वीच स्वतःचा ग्रंथ मिळाला. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात. इथे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे १९१६चे चार जाडजूड खंड आहेत, पण ते जाती-जमातींचे. आमची भुतं त्यांत पानोपानी विखुरलेली, कुठल्यातरी जातीच्या वर्णनात दोन ओळी, कुठे अर्धा परिच्छेद. यावर पुढे बोलू.

पडद्यावरची गमतीदार मंडळी

मराठी पडद्यावरच्या भुताटकीचा इतिहास दिलीप प्रभावळकरांना धरून सांगता येतो. १९८२च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये ते भुताला भेटणारे मास्तर. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. २००४च्या ‘पछाडलेला’तला इनामदार भुसनाळे. आणि २०२५च्या ‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडल्यावर कोकणातला दशावतारी कलावंत. भूत पाहणं, भूत होणं, भूत अंगात घेणं, सगळं एकाच नटाने करून झालं आहे!

‘एक डाव भुताचा’मधलं भूत म्हणजे अशोक सराफ, आणि ते भूत आहे शिवकाळातल्या खंडोजी फर्जंदाचं. इतिहास जो जगला तोच मास्तरांना इतिहास सांगतो. लेखणी द. मा. मिरासदारांची. ‘भुताचा जन्म’ ही त्यांची कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको, की अफवेतून भूत कसं उभं राहतं हे या माणसाइतकं हसवत कुणी दाखवलेलं नाही.

‘झपाटलेला’ची कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) वरून आली, हे जगजाहीर. पण ती इथे येऊन कशी मुरली ते बघा. बाहुला घडवला रामदास पाध्यांनी, ज्यांच्या घरात शब्दभ्रमाची परंपरा वडिलांपासून आहे. मंत्र देणारा बाबा चमत्कार, आणि तात्याच्या साथीदाराचं नाव काय, तर कुबड्या खवीस! खवीस आपल्या गावच्या भुतांच्या यादीतला, तो मुंबईच्या गुंडाच्या नावात येऊन बसला. उसनी गोष्ट आपली करायची तर अशी. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, हाच बाहुला पहिल्या मराठी थ्रीडी सिनेमातून प्रेक्षकांच्या अंगावर आला.

आदित्य सरपोतदार मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांच्या घराण्यातले. त्यांनी २०२२ मध्ये डोंबिवलीत झोंबी सोडले आणि सिनेमाला नाव दिलं ‘झोंबिवली’. दोन वर्षांनी त्यांचाच हिंदी ‘मुंज्या’ आला. पिंपळावरचं आपलं पोर संगणकाच्या मदतीने पडद्यावर उड्या मारू लागलं आणि देशभरात शंभर कोटींच्या पुढे गेलं. सोडमुंज म्हणजे काय हे ज्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, असे प्रेक्षक लखनौ-पाटण्याला मुंज्यावर हसले-घाबरले.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) यांतला गंभीर भाऊ. उसाच्या फडात वाट चुकलेली गरोदर बाई आणि मुलगी नको असलेलं गाव. तो हिंदीत ‘छोरी’ झाला. त्यात हशाला जागा नाही आणि नसावीच. विषय कुठला, यावर फोडणी ठरते.

नागझिऱ्याची रात्र

आता ती गोष्ट, जी मी विदर्भातल्या प्रत्येक सिनेमावेड्याला पकडून सांगतो. ‘तुंबाड’ (२०१८) म्हटलं की धो-धो पाऊस, कोकण, वाडा, सोन्याची मोहर. पण त्याचं बी कुठे पडलं? नागझिऱ्यात! आमच्या भंडारा-गोंदियाच्या जंगलात, कामठीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

१९९३ मध्ये राही अनिल बर्वे नागझिरा अभयारण्यात होता आणि मित्राने त्याला भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. पोरगा हादरला. ते हादरणं काही विसरला नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिला खर्डा लिहिला. पुढे निर्माते आले-गेले, २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, मग पुन्हा करावं लागलं, आणि सिनेमा पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. (राही हा ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा मुलगा.)

धारपांच्या ‘आजी’ कथेची सावली या सिनेमातल्या आजीवर आहे, आणि धारपांची आजी स्वतः स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून सुचलेली. म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातली एक म्हातारी पुण्यात आली, तिथून गोष्टीच्या रूपाने नागझिऱ्यात, तिथून कोकणातल्या वाड्यात. नाव मिळालं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. आणि सिनेमातला देव हस्तर? लोक अजून पुराणांत शोधतात. तो कुठल्याच पुराणात नाही, तो सिनेमावाल्यांनी घडवला. नवा देव इतका अस्सल वाटावा, की लोकांनी पोथ्या उघडाव्यात, याहून मोठी दाद लेखकाला कोणती मिळणार!

आणखी एक. आजीच्या त्या भयानक मेकअपखाली म्हातारी नाहीच. सिनेमात छोट्या पांडुरंगचं काम करणारा मोहम्मद समद हा मुलगाच तिथे आहे.

तुंबाड तीन प्रकरणांत सांगितला आहे, १९१८, १९३३ आणि १९४७. एकाच घराच्या तीन पिढ्या असल्या, तरी पट मला अँथॉलॉजीचाच वाटतो.

आमचं भूत कुठाय, भाऊ?

आता तो राहिलेला मुद्दा. तुंबाड कोकणात, मुंज्या कोकणात, २०१६ मध्ये घराघरांत आमुशा-पुनवेचा धसका बसवणारी ‘रात्रीस खेळ चाले’ मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात, दशावतार कोकणात. मला कोकणची ही श्रीमंती मनापासून आवडते. मालवणी बोलीत भीतीची गोष्ट ऐकताना अंगावर काटा आणि ओठांवर हसू एकदम येतं, ते श्रेय त्या मातीचं. पण वऱ्हाडी आणि झाडीबोली काय कमी आहेत? ‘कोन आहे बे तिकडं?’ हा प्रश्न अंधारात टाकून बघा.

गोष्टींचा अँथॉलॉजी प्रकार मराठीला नवा नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची ‘गहिरे पाणी’ मालिका दर भागात नवी गोष्ट सांगायची. दिवाळीत ‘नवल’सारख्या अंकात एकाच जिल्दीत डझनभर भयकथा वाचत आपण मोठे झालो. हिंदीत ‘डरना मना है’ने २००३ मध्ये सहा गोष्टी एका रात्रीत बसवल्या. जपानमध्ये तर पूर्वी शंभर दिवे लावून भुताच्या शंभर गोष्टी सांगायचा खेळ होता, दर गोष्टीला एक दिवा मालवायचा. त्याच मातीत मासाकी कोबायाशींचा चार गोष्टींचा ‘क्वायदान’ (१९६४) उगवला आणि कान महोत्सवात गौरवला गेला. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध विहारामुळे आम्हाला जपान काही परका नाही. जपानी पाहुणी मंडळी या विहारात हात जोडून बसतात. त्यांना एकदा आपल्या मारबतीची गोष्ट सांगून बघायला हवी.

कलावंतही इथेच आहेत. वडशापासून पसरलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होते ती होळीच्या सुमारापर्यंत. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची गर्दी, मंडईची जत्रा, आणि रात्रभर नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईने मान वळवून पाहिलं. एका प्रवेशात रडवून पुढच्या प्रवेशात गडबडा लोळवणारे हे नट. भयकथेला लागतो तो ताल त्यांच्या अंगातच आहे, आणि रात्री दोनला प्रेक्षक जागा ठेवायची कला त्यांच्याइतकी कुणाला येणार?

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. पाच दिग्दर्शक घ्या, सगळे नागविदर्भातले. चौकट मारबतीच्या आदल्या रात्रीची: इतवारीत पुतळ्यावर शेवटचा रंग चढतोय, हाताला हात लावायला पाचजण आलेत, झोप येऊ नये म्हणून एकेकाने गोष्ट सांगायची. एक गोष्ट कन्हानच्या रेतीत चकव्याने फिरवलेल्या ट्रॅक्टरवाल्याची. एक हाकामारीची, पण मोबाइलवर येणाऱ्या हाकेची. एक झाडीपट्टीतली: नाटकात भुताचं काम करणारा नट गैरहजर, तरी प्रवेश मात्र रंगला. एक नागझिऱ्यातली, गंभीर, हशाशिवाय. आणि पाचवी त्या बडग्याची, ज्याला आपल्या गळ्यातली पाटी आवडलेली नाही आणि ती बदलून मिळाल्याशिवाय तो जळायला तयार नाही.

बोली बदलू नका. खालच्या पट्टीत उपशीर्षकं टाका, लखनौने मुंज्या समजून घेतला, तो हेही समजून घेईल. संगीत मोठ्याने दणकावून दचकवू नका. आणि सिनेमा लावा पोळ्याच्या आठवड्यात. नागपुरातला खेळ संपला की लोक थेट मारबतीला जातील.